केट बुश ऐकायची कुठून आणि तिचे चार्टचे आकडे वाचायचे कसे

केट बुश या ब्रिटिश गायिकेचं नाव खूप जणांनी २०२२ मध्ये पहिल्यांदा ऐकलं, नेटफ्लिक्सच्या स्ट्रेंजर थिंग्ज या मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये रनिंग अप दॅट हिल वाजलं आणि मग ते जिकडेतिकडे वाजायला लागलं. त्यातले बरेच जण तेवढं एक गाणं रिपीटवर ऐकून थांबले, काही जण पुढे जाऊन एखादी बेस्ट ऑफ प्लेलिस्ट लावतात आणि दहा मिनिटांत गोंधळतात, कारण एका गाण्यात आवाज एकदम वरच्या पट्टीत, दुसऱ्यात गाढवासारखं ओरडणं, तिसऱ्यात नुसता पियानो. मग म्हणतात की जमत नाही बुवा आपल्याला. जमतं, फक्त क्रम चुकलेला असतो. तो क्रम आणि सोबत चार्टचे, म्हणजे गाण्यांच्या आणि अल्बमच्या साप्ताहिक क्रमवारीचे, आकडे कसे वाचायचे हे इथे सांगतेय, कारण तिच्या बाबतीत आकडे नीट वाचले नाहीत तर भलतेच निष्कर्ष निघतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केट अल्बमवाली आर्टिस्ट आहे. तिचे दहाच्या दहा स्टुडिओ अल्बम यूकेच्या टॉप १० मध्ये गेलेत, १९७८ च्या द किक इनसाइडपासून २०११ च्या फिफ्टी वर्ड्स फॉर स्नोपर्यंत, एकही सुटलेला नाही. सिंगल्स, म्हणजे सुटी काढलेली गाणी, मात्र कुठेही जातात, एखादं पहिल्या पाचात, एखादं चाळिसाच्याही खाली. त्यामुळे सिंगलचा नंबर बघून अल्बम निवडायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे शफल बंद. खरंच बंद करा, तिच्या बाबतीत त्याने फार नुकसान होतं.

सुरुवात हाउंड्स ऑफ लव्हपासून करा, सप्टेंबर १९८५ चा अल्बम. घराशेजारच्या कोठारात तिने स्वतःचा स्टुडिओ उभारला होता, तिथे घड्याळाकडे न बघता काम करता यायचं, आणि ते ऐकू येतं. हा अल्बम एलपीच्या दोन बाजूंचा विचार करून बनवलाय. पहिल्या बाजूला पाच गाणी, त्यातली चार सिंगल म्हणून निघाली. रनिंग अप दॅट हिल यूकेत ३ नंबरला, क्लाउडबस्टिंग २०, टायटल ट्रॅक १८, द बिग स्काय ३७. अल्बम थेट १ नंबरला, मडोनाच्या लाइक अ व्हर्जिनला खाली ढकलून. रेकॉर्ड कंपनीला आधी क्लाउडबस्टिंग काढायचं होतं, केटने हट्टाने रनिंग अप दॅट हिल पुढे केलं. त्याचं मूळ नाव अ डील विथ गॉड असं होतं, पण काही धार्मिक देशांमध्ये रेडिओवाले वाजवणार नाहीत अशी कंपनीला भीती वाटली म्हणून नाव बदललं, तिला ते कधीच फारसं पटलं नाही.

आता हेच गाणं, पाठ झालेलं असलं तरी, हेडफोन लावून एकदा असं ऐका. शब्दांकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीला लांबून येणारा एक सूर असतो, तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला, तो जवळजवळ पूर्ण गाणंभर खाली चालू राहतो. त्यावर डेल पामरने लिन ड्रम मशीनवर बसवलेला घोडदौडीचा ताल. मग ती सगळ्यांना माहीत असलेली चाल, ती फेअरलाइट नावाच्या सॅम्पलिंग मशीनवर चेलोचा आवाज घेऊन वाजवलेली आहे. एवढं कळलं की मग शब्दांकडे या. बाई आणि पुरुष यांनी देवाशी सौदा करून जागा बदलल्या तर एकमेकांना समजून घेता येईल का, असा तो विषय. आणि आवाज बघा, सुरुवातीला किती आवरून धरलाय आणि शेवटाकडे कसा फुटत जातो.

पाचवं गाणं संपलं की थांबा. पाणी प्या, दोन मिनिटं काही लावू नका. पुढची सात गाणी म्हणजे एकच गोष्ट आहे, द नाइन्थ वेव्ह नावाची. रात्रीच्या समुद्रात एकटी बाई तरंगतेय, झोप येतेय पण झोपली तर बुडेल. पहिल्या गाण्यात नुसता पियानो आणि ती झापड, मग बर्फाखाली अडकल्याचं स्वप्न, मग उठ उठ म्हणून हाका मारणारे वेगवेगळे आवाज आणि चेटकीण म्हणून चाललेला खटला. मग ती भुतासारखी स्वतःच्या घरी जाते आणि घरच्यांना ती दिसतच नाही, इथे मला दर वेळी कसंतरी होतं. त्यानंतर आयरिश वाद्यांचं जिग ऑफ लाइफ येतं, त्यात तिचंच म्हातारपणीचं रूप येऊन सांगतं की जगलीच पाहिजेस. हॅलो अर्थमध्ये मधेच सगळं थांबतं आणि पुरुषांचं कोरस येतं, ती एका जॉर्जियन लोकगीताची चाल आहे. शेवटी सकाळ होते. यातलं एकही सिंगल नव्हतं, चार्टच्या यादीत या सात गाण्यांची नोंदच सापडणार नाही, आणि माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच. दिवे कमी करून, मधे न थांबता ऐकायचं.

हे झेपलं की मागे जा, १९७८ ला. वुदरिंग हाइट्स तिने अठराव्या वर्षी लिहिलं, बीबीसीच्या एका जुन्या मालिकेची शेवटची काही मिनिटं बघून, कादंबरी नंतर वाचली. आणि कादंबरीकार एमिली ब्राँटे आणि केट दोघींचा वाढदिवस ३० जुलै. इथेही कंपनीला दुसरंच गाणं पहिलं सिंगल म्हणून हवं होतं आणि इथेही हिने ऐकलं नाही. जानेवारी १९७८ मध्ये आलं, मार्चमध्ये अॅबा या स्वीडिश बँडला खाली उतरवून १ नंबरला गेलं आणि चार आठवडे राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन यूकेच्या १ नंबरला पोचलेली ती पहिली बाई, वय १९. आवाज खूप उंच वाटतो म्हणून लोक पहिल्या कडव्यातच बंद करतात. तिथे एवढंच लक्षात ठेवायचं की ती केट म्हणून गातच नाहीये, ती कादंबरीतल्या कॅथीचं भूत आहे, थंडीत खिडकीबाहेर उभं राहून आत घे म्हणतंय. भुताचा आवाज कसा असेल असा विचार करून ऐकलं की तो आवाज चपखल बसतो. शेवटचं गिटार पूर्ण ऐका, इयन बेअर्नसनचं आहे, फेड होईपर्यंत सोडू नका. या गाण्याची दोन रूपं फिरतात बरं का, १९८६ च्या द होल स्टोरी या संग्रहासाठी तिने नव्याने गायलंय, आवाज जरा भरीव. आधी १९७८ चंच ऐका.

त्याच अल्बममधलं द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज हे तिने १३ व्या वर्षी लिहिलं आणि १६ व्या वर्षी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड केलं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने तिचे डेमो ऐकून मदत केली होती, त्याच काळातलं. यूकेत ६ नंबर. अल्बम ३ ला.

लायनहार्ट त्याच वर्षी घाईघाईत आला, त्यातलं वाव (Wow) हे गाणं ऐका आणि पुढे चला, बाकी नंतर सावकाश.

पुढचा नेव्हर फॉर एव्हर, १९८०, चार्टच्या दृष्टीने महत्त्वाचा. ब्रिटिश सोलो गायिकेचा यूकेत १ नंबरला गेलेला हा पहिला अल्बम. बाबूश्का ५ नंबर, ब्रीदिंग आणि आर्मी ड्रीमर्स दोन्ही १६. गायक पीटर गॅब्रिएलसोबत काम करताना तिला फेअरलाइट मशीन भेटलं आणि या अल्बमपासून तिचा साउंडच बदलला. बाबूश्काच्या शेवटी काचा फुटतात ना, त्या खऱ्या काचा फोडून मशीनमध्ये घेतलेल्या आहेत. ब्रीदिंग हे अणुयुद्धानंतर पोटातल्या बाळाच्या तोंडून गायलेलं गाणं आहे, तेही सिंगल म्हणून काढलं आणि टॉप २० मध्ये गेलं, हे मला अजूनही थोर वाटतं.

आता द ड्रीमिंग, १९८२. हा लगेच लावू नका, वरचे तीन पचले की लावा. पूर्ण प्रॉडक्शन पहिल्यांदाच तिचं एकटीचं. आकडे बघितलेत तर घाबराल. सॅट इन युअर लॅप ११ ला गेलं होतं पण ते आदल्या वर्षी, टायटल ट्रॅक ४८, आणि देअर गोज अ टेनर तर टॉप ७५ मध्येसुद्धा आलं नाही. पण अल्बम ३ नंबरला! म्हणजे लोक रेडिओवरचं सिंगल घेत नव्हते पण अल्बम दुकानातून आणत होते, आणि तिच्या करिअरचा सगळा नकाशा या एका विरोधात दिसतो. तयारी एवढीच ठेवायची की इथे प्रत्येक गाण्यात वेगळं माणूस बोलतंय, दरोडेखोर, व्हिएतनामी सैनिक, जादूगार हुदिनीची बायको. हुदिनीच्या गाण्यासाठी आवाज खरखरीत व्हावा म्हणून तिने मुद्दाम दूध आणि चॉकलेट खाल्लं होतं. शेवटच्या गेट आउट ऑफ माय हाउसमध्ये ते गाढवाचं ओरडणं आहे, सलग ऐकत तिथे पोचलात तर अजिबात विचित्र वाटणार नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे लोक गफलत करतात. एक, यूके आणि अमेरिका वेगळं ठेवा. अमेरिकेत ती बराच काळ जवळजवळ अनोळखी होती, १९८५ चं रनिंग अप दॅट हिल तिथे बिलबोर्डच्या हॉट १०० या मुख्य गाण्यांच्या चार्टमध्ये ३० पर्यंतच गेलं. दोन, अमेरिकेत एकच चार्ट नसतो. लव्ह अँड अँगर हे १९८९ चं गाणं यूकेत ३८ वर अडकलं आणि तेच बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक चार्टवर १ नंबर झालं. म्हणून १ नंबर असं कुठे वाचलंत तर कुठल्या चार्टवर हे आधी बघायचं. तीन, १९७८ चा १ नंबर आणि २०२२ चा १ नंबर एकाच मापाने मोजलेला नाही. तेव्हा दुकानातली विक्री मोजायचे, २०१४ पासून यूकेच्या सिंगल्स चार्टमध्ये स्ट्रीमिंगही धरतात.

२०२२ चं तर नीट समजून घ्या, मजा आहे त्यात. यूकेत जुन्या गाण्यांची स्ट्रीम्स नव्या गाण्यांच्या निम्म्या वजनाने मोजली जातात, नाहीतर जुनी गाणी चार्ट अडवून बसतील. रनिंग अप दॅट हिलला या नियमातून सूट दिली, कारण गाणं खरोखरच नव्याने उसळलं होतं, आणि १७ जूनच्या चार्टवर ते १ नंबरला गेलं, तीन आठवडे राहिलं. रिलीजनंतर ३७ वर्षांनी. तिच्या दोन १ नंबर गाण्यांमध्ये ४४ वर्षांचं अंतर. वय ६३, १ नंबरला गेलेली सगळ्यात वयस्क गायिका, आधी तो मान अमेरिकन गायिका शेर (Cher) हिच्याकडे होता. अमेरिकेतही ३ पर्यंत चढलं. याला कमबॅक म्हणतात ते मला पटत नाही, कारण ऑगस्ट २०१४ मध्येच, तिचे लाइव्ह शो सुरू असताना, तिचे आठ अल्बम एकाच वेळी यूकेच्या टॉप ४० मध्ये होते. तोपर्यंत कुठल्याच गायिकेला ते जमलं नव्हतं. ऐकणारे कुठे गेलेच नव्हते.

उरलेलं ऐकताना घाई नको. द सेन्शुअल वर्ल्ड, १९८९, २ नंबर, त्यात बल्गेरियाच्या ट्रिओ बुल्गार्काचे आवाज आहेत. धिस वुमन्स वर्क त्यातलंच, एका सिनेमातल्या बाळंतपणाच्या प्रसंगासाठी लिहिलेलं, यूकेत फक्त २५ ला गेलं आणि आज तिच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांत आहे. द रेड शूज, १९९३, मला जरा कमी आवडतो, साउंड टोचतो, पण मोमेंट्स ऑफ प्लेजर सोडू नका. मग १२ वर्षं काही नाही आणि २००५ ला एरियल, दोन डिस्कचा. पहिल्या डिस्कमध्ये ती गणितातल्या पाय (π) या संख्येचे आकडे गाते, खरंच, दशांश चिन्हापुढचे आकडे, आणि ऐकताना गलबलतं. पण आधी दुसरी डिस्क लावा, दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतचा एक सलग प्रवास, पक्ष्यांच्या आवाजासकट, शेवटी ती पक्ष्यांबरोबर हसते. हेही सलगच ऐकायचं, द नाइन्थ वेव्हसारखं. फिफ्टी वर्ड्स फॉर स्नोमध्ये सातच गाणी पण तासाच्या वर, एक तर तेरा मिनिटांचं, रात्री आवाज कमी ठेवून ऐका.

डिरेक्टर्स कट, २०११, सगळ्यात शेवटी. त्यात तिने द सेन्शुअल वर्ल्ड आणि द रेड शूजमधली गाणी नव्याने केलीयेत, मूळ कानात नसेल तर काय बदललं हेच कळणार नाही. मूळ टायटल ट्रॅकसाठी तिला जेम्स जॉइसच्या युलिसिस या कादंबरीतले शब्द हवे होते, तेव्हा परवानगी मिळाली नाही म्हणून स्वतःचे लिहिले, २०११ ला परवानगी मिळाली आणि तेच गाणं जॉइसच्या शब्दांसकट आलं, नाव फ्लावर ऑफ द माउंटन. दोन्ही एकामागोमाग लावा. आणि मग बिफोर द डॉन, २०१४ च्या लंडनमधल्या २२ शोंचं लाइव्ह रेकॉर्डिंग, १९७९ च्या टूरनंतर तिचे हे पहिलेच पूर्ण शो. यात वुदरिंग हाइट्स नाही, पहिल्या चार अल्बममधलं एकही गाणं नाही, त्यामुळे हिट्स शोधत जाऊ नका. द नाइन्थ वेव्ह अख्खं आहे आणि एरियलची दुसरी डिस्कही जवळजवळ अख्खी.