आधी झुरळ ओळखा, मग औषध आणा

कॉलेजातली पोरं मला ‘झुरळमामा’ म्हणायची. बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी अटेंडर होतो, प्रॅक्टिकलला लागणारी झुरळं धरून आणायचं काम माझ्याकडं. २०१४ साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विच्छेदन बंद केलं आणि झुरळांबरोबर माझीही सुटका झाली. आता वडगावात घरी असतो, तर गल्लीतल्या काकू-वहिनी उलट्या कामाला येतात. “मामा, घालवायची कशी ओ ही?”

मी विचारतो, कुठलं झुरळ? त्यावर हसतात. झुरळ ते झुरळ, त्यात कुठलं काय! कन्नडात जिरळे, आपलं झुरळ. सीमाभागात एवढ्या एका नावावर तरी भांडण नाही. पण आपल्या घरांत मुख्यतः जी तीन जातींची झुरळं सापडतात, त्यांची राहायची जागा वेगळी आणि औषधाची तऱ्हाही वेगळी. चुकीच्या जागी औषध मारलं की पैसे मोरीत गेले.

म्हणून आधी एक रात्र पकडायचं काम. काचेच्या तीन रिकाम्या बरण्या घ्या. तळाशी पावाचा तुकडा आणि पिकलेल्या केळ्याची फोड. बरणीच्या तोंडाला आतून दोन बोटं रुंद व्हॅसलीन किंवा तूप लावा, बाहेरून रद्दी पेपर गुंडाळून रबर घाला. पेपरावरून ती चढतात, आत घसरतात, परत वर येता येत नाही. एक बरणी न्हाणीत मोरीपाशी, दुसरी शेगडीमागं, तिसरी कपाटावर किंवा माळ्यावर. दिवे घालवा आणि झोपा. सकाळी बघा.

मोरीच्या बरणीत बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस, मानेमागच्या ढालीला पिवळसर कड असलेलं सापडलं तर ते अमेरिकन झुरळ. नाव अमेरिकन, मूळ आफ्रिकेतलं. साडेतीन-चार सेंटीमीटरचं. लॅबमध्ये कापायचे ते हेच. मी नर-मादी शेपटाकडं बघून वेगळे करायचो: दोघांनाही मागं दोन जाड शिंगं असतात, नराला त्यांच्यामध्ये आणखी दोन बारीक काट्या. त्या जाड शिंगांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते, म्हणून तुमची चप्पल पोचायच्या आत ते पळालेलं असतं. रक्त लाल नसतं, श्वास अंगावरच्या दहा जोड भोकांतून. मुंडकं तुटलं तरी आठवडाभर जगू शकतं, हे खरंच आहे.

शेगडीमागं दीड सेंटीमीटरच्या आतलं, फिक्कट तपकिरी, ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा ओढलेलं मिळालं तर जर्मन. लोक त्याला ‘झुरळाचं पिल्लू’ म्हणून सोडून देतात, आणि घोटाळा तिथंच होतो. ते पूर्ण वाढलेलं असतं. मादी ३०-४० अंड्यांची पेटी फुटायच्या वेळेपर्यंत शेपटाला लावून फिरते, आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत अंडी घालायला तयार. हे गटारातून येत नाही, बाजारातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून किंवा जुन्या फ्रिजमधून येतं.

तिसरं पट्टेरी. जर्मनएवढंच, पण रेघा उभ्या नसून अंगावर आडवे फिके पट्टे. याला कोरडं आणि उंच आवडतं: फोटोफ्रेममागं, टीव्हीत, पुस्तकांच्या बांधणीत. खळ, डिंक, पिठी, सगळं खातं. आमच्या वडगाव-शहापुरात माग असलेल्या घरांनी सुताच्या पेट्यांमागं जरूर बघावं.

आता औषध. जर्मनला जेल, म्हणजे मलमासारखं घट्ट विषारी आमिष. त्यातलं विष फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड. थेंब मोहरीएवढे, पण भरपूर ठिकाणी: बिजागरीत, ओट्याखालच्या फटीत, फ्रिजच्या मोटारीजवळ. खाल्लेलं झुरळ आडोशाला जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात आणि तीही मरतात. जेल लावलं की तिथं स्प्रे मारायचा नाही. मी स्वतः हे शहाणपण उशिरा शिकलो. थोरल्या बहिणीच्या घरी आदल्या दिवशी ओटाभर स्प्रे मारला, दुसऱ्या दिवशी जेल. स्प्रेच्या धाकानं एकही तिकडं फिरकलं नाही, थेंब वाळून खपल्या झाले. अक्का अजून जेवताना काढते.

पट्टेरीलाही जेलच, फक्त घरातल्या उंच जागांवर. त्याआधी ड्रॉवर उलटे करून खाली चिकटवलेल्या अंड्यांच्या पेट्या खरवडून काढा आणि चिरडा.

अमेरिकनला मात्र बाहेर अडवायचं. मोरीला बारीक जाळी, सिंकच्या पाइपभोवतीच्या भोकाला सिमेंट, चेंबरचं झाकण नीट बसवलेलं. जूनच्या पावसात गटारं तुंबली की ती वर येतातच. फटींत बोरिक पावडर चालते, कॅरमवर टाकतात ती. पाकिटावर बोरिक ॲसिड लिहिलंय का तेवढं बघा. ढीग घालू नका, ढिगाला ती वळसा घालून जातात. जुन्या ब्रशनं हलका फुंकर मारल्यासारखा थर द्या. ओल लागली की कामाची नाही. लहान पोरं, मांजर, ओटा यांच्यापासून लांब.

एकदा करून थांबू नका. अमेरिकनची पेटी हातात घेऊन बघा: राजम्यापेक्षा लहान, तपकिरी, एका कडेला पर्सच्या चेनसारखे दाते. आत १४-१६ अंडी, औषध आत पोचत नाही. फुटायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून दोन महिन्यांनी परत बरण्या मांडा.

भिंतीवर कधी काळा, माशीएवढा किडा दिसेल, चपटं इवलंसं पोट झेंड्यासारखं वरखाली हलवणारा. त्याला मारू नका. ती एक गांधीलमाशीच, पण माणसाला चावायच्या भानगडीत पडत नाही. झुरळाच्या पेटीत आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करते. ती घरात फिरतेय म्हणजे पेट्या जवळपासच आहेत. न्हाणीचा कोपरा आणि पाण्याच्या बंबामागची जागा आधी बघा.