धंदा छोटा ठेवायचाय? मग या चुका टाळा

नाशकात कुणाचं दुकान जरा चाललं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग, अंबडच्या एमआयडीसीत गाळा कधी घेताय?" नाही म्हटलं तर समोरचा कीव करतो. पण मसाले, शिवण, छपाई असल्या हातच्या धंद्यात छोटं राहिलं तर नवीन करून बघायची मुभा मिळते. आणि ती मुभा बरेच जण आपल्याच हातानं घालवतात.

सगळ्यात महागात पडते ती एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर जगण्याची सवय. मिसळीचा काळा मसाला करणारं घर घ्या. घाणा पाच किलोचा असेल तर कधी दगडफूल वाढवून, कधी खोबरं आणखी काळपट भाजून बघता येतं. फसलाच तर घरात आणि शेजारीपाजारी संपतो. तेच एखाद्या हॉटेलला महिन्याला दोनशे किलो कबूल केले, की त्याला दर वेळी तीच चव आणि तोच रंग हवा. मालक तुम्ही, पण प्रमाण ठरवणार तो! माझ्या मते एका गिऱ्हाइकाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, की सावध व्हावं.

त्यात मोठं गिऱ्हाईक पैसे थकवतं, आणि उधारीच्या मागे पळणाऱ्याला नवीन काय सुचणार? उत्पादक असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, टाळू नका. ती फुकट होते, एजंटची गरज नाही. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज, तेही चक्रवाढ.

दुसरा मोह 2027 च्या सिंहस्थाचा. गर्दी येणार, माल खपणार, हे खरंच. पण तेवढ्यासाठी कर्ज काढून मशिनं घेतली तर साधू परत जातात, हप्ते मात्र राहतात. मग हप्ता भरायला जे खपतं तेच करत बसायचं. त्यापेक्षा तेवढ्यापुरती माणसं घ्या, मशिनं भाड्यानं आणा.

भाव कारखान्याच्या मालाशी लावू नका. येवल्याचा विणकर हातमागावरच्या पैठणीचा भाव यंत्रमागाच्या साडीवरून ठरवत नाही. कमी भावात जास्त माल काढायच्या नादात नवीन करून बघायला ठेवलेला दिवस सगळ्यात आधी जातो. आणि प्रत्येकाच्या फर्माइशीवर नवा प्रकार काढू नका; चार-पाच पुरे.

शेवटची चूक आळसाची: वही न ठेवणं. एखादा घाणा अफलातून जमतो आणि पुन्हा तसा होत नाही, कारण मिरची लवंगी होती की संकेश्वरी, खोबरं किती वेळ भाजलं, हे कुणी लिहिलेलंच नसतं. लिहा, आणि तारीखही टाका. नव्या हंगामाची मिरची आली की जुनं प्रमाण जसंच्या तसं चालत नाही.