शॉर्टकट व्हायरस काढायचा कसा, आणि तो परत का येतो

सातबाऱ्याची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात गेला, घरी येऊन लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चिन्हाला कोपऱ्यात छोटा बाण. सांगलीत मला येणारे निम्मे फोन याचेच. तोवर कुणीतरी सांगून गेलेलं असतं, "फॉरमॅट मार." मारू नका. डेटा बहुतेक वेळा आतच असतो, लपवलेला. आणि रोग कॉम्प्युटरला लागलाय, त्यामुळे फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावताच बाण हजर.

पेनड्राइव्ह काढून ठेवा, इंटरनेट बंद करा.

आता खरी मेख. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी मी यासाठी तीन खेपा घातल्या. व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या प्रोग्रामची फाइल, सापडली, डिलीट केली, चहा पिऊन निघालो. दुसऱ्या दिवशी परत फोन. चूक माझीच होती. मी फाइल मारत होतो, तिला उठवणारा तसाच राहत होता.

म्हणून क्रम असा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिटेल्समध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाची प्रोसेस दिसते का बघा. ती विंडोजचीच आहे, तिच्या मागे लागू नका. ती कोणती फाइल चालवतेय ते महत्त्वाचं. वरच्या रकान्यांच्या नावावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना चालू करा. फाइलचा पत्ता तिथे दिसतो, बहुतेकदा ॲपडेटा किंवा टेम्प या फोल्डरमधला. तो कागदावर उतरवा, मगच एंड टास्क. मी आधी बंद करून मग पत्ता शोधत बसायचो.

तोच पत्ता दोन ठिकाणी शोधा: स्टार्टअपच्या यादीत (मशीन सुरू होताच चालणारे प्रोग्राम) आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप उठवणारं विंडोजचं साधन). व्यापाऱ्याकडे तो शेड्युलरमध्ये 'अपडेट' अशा साळसूद नावाने बसला होता. नावावर जाऊ नका, ॲक्शन्स टॅब उघडून पत्ता जुळवा. जुळला तरच काढा. ॲपडेटामधून वनड्राइव्हसारखी खरी कामंही चालतात. दोन्ही नोंदी गेल्या की शेवटी फाइल उडवा.

मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं जातात. जाहिरातीतले फुकटे 'क्लीनर' टाकू नका. त्यातल्या काहींनी आणलेली घाण मीच उपसलीय.

आता पेनड्राइव्ह लावा, बाणावर डबल क्लिक न करता. एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि सिस्टिम फाइली लपवण्याची खूणही काढा. फिकट फोल्डर दिसतील. त्यातली आपली कागदपत्रं आणि फोटो तेवढे उचलून घ्या. फॉरमॅट मारायची वेळ ही.

पासवर्डही चोरीला गेले असू शकतात, म्हणून बँकेचे पासवर्ड फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

झेरॉक्सवाल्यासाठी माझा ४ जीबीचा एक वेगळा पेनड्राइव्ह आहे. तो घरच्या मशीनला लागला की आधी फॉरमॅट होतो.