गिअरबॉक्सचा तडकलेला कान

क्लच सोडला की बोनेटखाली 'ठक्' आणि दुसरा गिअर कधी लागायचा, कधी नाही. टर्बो बसवल्यामुळे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, वाढलेला, त्यात आधीच्या मालकाने रबराच्या जागी गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारं माउंटिंग कडक पॉलियुरेथेनचं घातलेलं. रबर धक्का पचवतं, हे तो पुढे ढकलतं. मुंबईचे खड्डे होतेच मदतीला!

जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून गिअरबॉक्सला आधार दिला, बोल्ट काढला. कान, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाचा जो भाग बोल्टने माउंटिंगला जोडतात तो, मुळाशी तडकलेला, भेगेत काळं तेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, तात्पुरतं इपॉक्सी भरून देऊ?" नको म्हटलं. भार पेलणाऱ्या जागी इपॉक्सीसारखा चिकटवणारा लेप म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

गिअरबॉक्स उतरवून आर्गन वेल्डिंग केलं. कवच अॅल्युमिनियमचं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांनाही वितळत नाही. तो फोडायला एसी टिग, म्हणजे एसी करंटवरचं आर्गन वेल्डिंग, लागतं. आधी अॅसिटोनने तेल पुसलं, स्टेनलेसच्या ब्रशने घासलं. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग व्ही आकाराची खाच करून वेल्ड भरला आणि गार झाल्यावर कानस मारून बैठक सपाट केली.

माउंटिंग पुन्हा रबराचंच. बोल्ट आधी हाताने लावले, इंजिन नीट बसल्यावर टॉर्क रेंचने आवळले. दुसरा गिअर आता लोण्यासारखा पडतो.