जर्मन शाळेत नाव घालण्याआधी: बारावीनंतरचा कागद आधी ठरवा

सिंगापूर, दुबई, हाँगकाँग किंवा दिल्लीत बदली झाली की शाळांच्या यादीत एखादी जर्मन शाळाही असते. बालवाडीपासून बारावीपर्यंतची सोय एकाच ठिकाणी, म्हणून पालक चौकशीला जातात आणि आधी फी विचारतात. फी महत्त्वाची आहेच, पण त्याआधी हे विचारा: बारावीनंतर मुलाच्या हातात कोणतं प्रमाणपत्र पडेल?

पाटीवर ‘जर्मन’ असलं तरी आतले रस्ते निरनिराळे असतात. हाँगकाँगची 1969 ची जर्मन स्विस इंटरनॅशनल स्कूल आणि सिंगापूरची 1971 ची जर्मन युरोपियन स्कूल, दोन्हीकडे जर्मन आणि इंग्रजी असे दोन विभाग आहेत. जर्मन विभागाचा शेवट आबिटूरला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या बारावीच्या परीक्षेला होतो, इंग्रजी विभागाचा आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट). मुंबईच्या डीएसबी या जर्मन शाळेची सुरुवात 1961 ची, पण आज तिथला मुख्य रस्ता इंग्रजीतून आयबीकडे जातो. काही ठिकाणी डीएसडी ही जर्मन भाषेची परीक्षाही देता येते. तिचा दुसरा टप्पा बी2/सी1 (बऱ्यापैकी प्रगत) पातळीचा असतो आणि जर्मन विद्यापीठांत भाषेचा पुरावा म्हणून चालतो. तो भाषेचाच पुरावा आहे, बारावीचं प्रमाणपत्र नव्हे. माहितीपत्रकात या सगळ्याची सरमिसळ असते, त्यामुळे ‘माझ्या मुलाच्या विभागात शेवटची परीक्षा कोणती?’ याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट वयाची. जर्मन विभागात जायचं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालवाडीत घालणं सगळ्यात सोपं. त्या वयाची मुलं खेळता खेळता भाषा उचलतात आणि पहिलीआधीच्या भाषाचाचणीपर्यंत त्यांचं बोलणं बऱ्यापैकी सुटलेलं असतं. पहिली-दुसरीत उशिरा आलेल्या मुलाला जादा तासांची जोड लागते. पाचवीनंतर अजिबात जर्मन न येता जर्मन विभागात शिरणं मात्र जवळपास अशक्य, कारण तिथे इतिहास-भूगोलही जर्मनमध्येच. उशिरा येणाऱ्यांसाठी काही शाळा वेगळा वर्ग चालवतात. तो आहे का आणि किती वर्षांचा, हे विचारा. नसेल तर इंग्रजी विभाग घ्या. हट्टाने जर्मनमध्ये घातलेलं हुशार मूल दोन वर्षं वर्गात गप्प बसून राहतं.

भारतातून जाणारं मूल कधी कधी एक इयत्ता खाली बसवतात. आपल्याकडे बरीच मुलं साडेपाचाव्या वर्षी पहिलीत गेलेली असतात, तिकडे सहा पूर्ण लागतात. यावर भांडू नका, भाषेसाठी एक वर्ष मिळतंय. वर्ष साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतं. दक्षिण गोलार्धातल्या केपटाउन किंवा विंडहूकच्या शाळेत ते जानेवारीत सुरू होतं.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जुना दाखला काढून बघा: बाळाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते. कोरी असेल तर नाव नोंदवून नवा दाखला इंग्रजीसह घ्या. हे काम परदेशातून करणं फार त्रासाचं, तेव्हा निघायच्या आधीच उरका. मग नाव पासपोर्टशी ताडून पाहा. वडिलांचं नाव एका कागदावर मधलं नाव, दुसऱ्यावर नावातच चिकटलेलं आणि तिसऱ्यावर गायब, असा प्रकार आपल्याकडे सर्रास. शेवटच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जाईल त्यावरच पुढचे सगळे अर्ज होणार. त्याशिवाय मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका (मराठी असतील तर अधिकृत भाषांतरासह), लसीकरणाची नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो.

वर्गात गेल्यावर पहिला धक्का प्रगतिपुस्तकाचा. तिथे 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे सगळ्यात वाईट. 4 पर्यंत पास. त्याहून मोठा धक्का म्हणजे वर्गातलं बोलणं. अनेक विषयांत तोंडी सहभागाचे गुण लेखी परीक्षेच्या तोडीचे धरतात. लेखीत 1 मिळवणारं शांत मूल प्रगतिपुस्तकात 3 वर येतं आणि पालकांना वाटतं बाईंनी अन्याय केला. तसं नसतं. शिकवणी लावण्याऐवजी प्रत्येक तासाला एकदा तरी हात वर करायची सवय लावा. गणितात दशांशाला स्वल्पविराम आणि भागाकाराला दोन टिंबं, हे आठवडाभरात जमतं. 47 मध्ये आधी सात आणि मग चाळीस म्हणायची जर्मन रीत घरी सत्तेचाळीस म्हणणाऱ्या मुलाला जड जात नाही. घरी मराठीच बोला. आईबाबांची मोडकी जर्मन मुलाच्या काही कामाची नाही.

आबिटूरचा हिशेब नववीतच समजून घ्या. एकूण गुण 900. त्यातले 600 अकरावी-बारावीच्या चार सत्रांचे, 300 शेवटच्या पाच परीक्षांचे. पास व्हायला पहिल्या भागात 200 आणि दुसऱ्यात 100 तरी हवेत. म्हणजे ‘अकरावी आरामाची’ हा आपला हिशेब इथे चालत नाही, अकरावीच्या पहिल्या सत्रापासून गुण अंतिम निकालात धरले जातात.

भारतात परतायची शक्यता असेल तर दहावी संपण्याआधी विषय तपासा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे सगळे लागतात. आबिटूरच्या वेळापत्रकात तिन्ही विज्ञानं शेवटपर्यंत ठेवता येतीलच असं नाही. एक सुटलं की वैद्यकीयचा रस्ता अवघड होतो, आणि हे अनेकांना बारावीत कळतं. शिवाय भारतीय विद्यापीठासाठी समकक्षता प्रमाणपत्र (परदेशी परीक्षा आपल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला) काढावं लागतं.

जर्मनीत शिकायचं असेल तर आबिटूरचा फायदा मोठा. पासपोर्ट भारतीय असला तरी विद्यापीठप्रवेशात मुलाला जर्मन विद्यार्थ्यांच्याच रांगेत धरतात, वैद्यकीयलासुद्धा. आयबीवाल्यांना मात्र विषयांच्या अटी आहेत: गणिताचा ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ कोर्स एसएल (स्टँडर्ड लेव्हल, म्हणजे खालच्या) पातळीवर घेतला की थेट प्रवेश अडतो. सल्लागार विसरला तरी तुम्ही विसरू नका. व्हिसा दोघांनाही लागतो, आणि त्यासाठी सहसा जर्मन बँकेत वर्षभराच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून ती 11,904 युरो आहे.