सुरक्षेविषयी कामगारांचा अबोध कल कसा मोजावा

‘सुरक्षा महत्त्वाची वाटते का?’ असे विचारले की कामगार बहुधा होकारच देतो. तो खोटे बोलत असतो असे नाही; विचारणारा व्यवस्थापनाचा माणूस असला की अपेक्षित उत्तर आपसूक तोंडी येते. म्हणूनच अबोध, म्हणजे स्वतःच्याही नकळत असलेला, कल पाहायला प्रश्नावलीच्या जोडीला प्रतिसादाचा वेग मोजणारी चाचणी घ्यावी. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या इम्प्लिसिट असोसिएशन टेस्टचा आधार असा की मनात जवळ असलेल्या दोन गोष्टींना एकच बटण दिले, तर माणूस त्यांची वर्गवारी अधिक झटपट करतो.

मूळ चाचणीत तपासायच्या गोष्टींचे दोन विरुद्ध गट लागतात आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. ‘सुरक्षा’समोर ‘धोका’ ठेवला, तर मोजली जाते ती धोक्याची नावड, जी सर्वांनाच असते. त्यापेक्षा कार्पिन्स्की आणि स्टाइनमन यांची २००६ मधील एकाच गटाची चाचणी घ्यावी. तिच्या एका फेरीत सुरक्षासाधने आणि ‘चांगले’ यांना एक बटण असते, तर दुसऱ्या फेरीत तीच साधने ‘वाईट’बरोबर येतात. फेऱ्यांचा क्रम निम्म्या कामगारांसाठी उलटा ठेवावा.

खरी मेहनत शब्द निवडण्यात आहे. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, सेफ्टी बेल्ट असे रोजच्या तोंडातले शब्द घ्यावेत. वाचनाची सवय नसेल तर सगळीकडे चित्रे वापरावीत. ‘वाईट’ गटात मात्र ‘अपघात’ किंवा ‘जखम’ नको, कारण हेल्मेट आणि अपघात यांचा संबंध अर्थानेच जुळतो आणि मग तो कल आहे की निव्वळ शब्दार्थ, हे उकलत नाही. रात्रपाळी संपवून दमून आलेल्या माणसाला चाचणीला बसवू नये, हे वेगळे सांगायला नको.

गुण काढण्यासाठी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांची २००३ ची सुधारित रीत उपयोगी पडते: १०,००० मिलिसेकंदांहून उशिराचे प्रतिसाद वगळावेत, ज्याचे १० टक्क्यांहून अधिक प्रतिसाद ३०० मिलिसेकंदांच्या आतले असतील त्याची नोंदच बाद करावी आणि दोन फेऱ्यांच्या सरासरी वेळांतील फरकाला सर्व प्रतिसादांच्या प्रमाण विचलनाने (वेळा सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्या मापाने) भागावे. त्यामुळे मुळात सावकाश बटण दाबणाऱ्यावर फारसा अन्याय होत नाही.

त्याच व्यक्तीची चाचणी पुन्हा घेतली तर गुण बरेच बदलू शकतात. तेव्हा एकट्या कामगाराची बढती, बदली किंवा शिस्तभंगाची कारवाई त्यावर ठरवू नये. संमती घेऊन, नावे न नोंदवता, विभागवार सरासरी काढावी आणि यंत्रांवरील गार्ड (संरक्षक आवरणे) प्रत्यक्षात जागेवर असतात का, या निरीक्षणाशी ती ताडून पाहावी.