बंद बॉडीच्या टेम्पोची गळती कशी शोधावी आणि दुरुस्त करून घ्यावी

कोल्हापुरातून गूळ, चपला किंवा किराणा घेऊन गगनबावड्यामार्गे कोकणात उतरणाऱ्या बंद टेम्पोला पावसाळ्यात सगळ्यात जास्त छळते ती गळती. पाणी ठिबकते तिथेच छिद्र असेल असे मात्र समजू नका. छतातून शिरलेले पाणी आडव्या पट्टीवरून वाहत जाऊन भलतीकडेच पडते. त्यामुळे आधी शोध, मग सीलंट, म्हणजे फट बुजवायची पेस्ट.

१. गाडी रिकामी करा. भर दुपारी एकाने आत थांबावे, दुसऱ्याने बाहेरून दारे लावावीत. उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा.

२. आता बाहेरून पाइपने पाणी मारा, पण खालून वर: आधी दाराची चौकट, मग कडेचे सांधे, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाचेक मिनिटे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि पाणी नेमके कुठून शिरले ते कळत नाही.

३. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर नवे धरत नाही. थिनरने पुसून, वाळवून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. आंबट वासाचे स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज आणते, ते नकोच. ढिले रिव्हेट ड्रिलने काढून नवे ठोका. भोक मोठे झाले असेल तर एक माप जाड घ्या. त्यानंतर किमान २४ तास गाडी कोरड्यात ठेवा.

४. फ्लोअरचे प्लाय स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक सहज रुतले तर ते कुजले आहे. वरून चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) मारून हे झाकू नका, पाणी खाली अडकून सांगाडाही गंजतो. नवे मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारे) कापल्यावर कडांना सीलर लावाच.

५. दार घासत असेल तर ग्राइंडर नंतर. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे असतील तर बिजागरीची पिन झिजली आहे. फरक असेल तर चौकट पिळली आहे. खालचे आडवे चॅनल आणि वेल्डिंग तपासा. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीतल्या बॉडीवाल्याकडूनच करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायला लावा, वेल्डिंग मशीनच्या अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ बसवा आणि शेजारचे प्लाय, फोम बाजूला करा, कारण आग तिथूनच लागते.

६. इंडिकेटर देताच मागचे दुसरे दिवे मिणमिणले तर बल्ब बदलण्याआधी अर्थची वायर घासून घट्ट करा.

७. नवा रंग मारल्यावर रिफ्लेक्टिव्ह टेप पुन्हा लावा: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल.